एक्सेलमधल्या पावत्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटोहॉटकीने भरणे: आकडे गळतात, रकाने सरकतात

खतावणी

मशीन विंडोज १० चं. सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ मधलं, वसुलीच्या पावत्यांचं. एक्सेल इम्पोर्ट नाही आणि सपोर्टही बंद. रोज ३०० ते ४०० पावत्या एक्सेलमध्ये तयार असतात, त्या यात हाताने चढवाव्या लागतात. कॉलम चार: खाते क्रमांक, नाव, रक्कम, तारीख.

एका पावतीचा क्रम असा: एफ२ दाबून नवीन पावती, खाते क्रमांक, टॅब (नाव आपोआप येतं), रक्कम, टॅब, तारीख, एफ१० ने सेव्ह, मग ‘जतन झाली’ अशी छोटी खिडकी येते तिच्यावर एंटर.

ऑटोहॉटकीत (कळा आपोआप दाबणारी स्क्रिप्टची भाषा) सेंड (कळा पाठवणे) आणि प्रत्येक टॅबनंतर स्लीप ५०० (५०० मिलिसेकंद थांबणे) असं लिहिलंय. सुरुवातीच्या पावत्या ठीक जातात, मग कुठेतरी एखादा आकडा गळतो किंवा टॅब जास्त पडतो, आणि तिथून पुढच्या सगळ्या नोंदी एक रकाना सरकून बसतात. स्लीप १००० करूनही तेच. शिवाय एक्सेलमध्ये १२५० असलेली रक्कम १२५०.० अशी उमटते. पायथॉनकडे वळावं का?

अर्धविराम

भाषा बदलून यातलं काहीच सुटणार नाही. स्क्रिप्ट घड्याळ बघून चालतेय, सॉफ्टवेअरकडे बघून चालत नाहीये. टॅबनंतर सॉफ्टवेअर डेटाबेसमधून नाव शोधतं. त्याला कधी ५० मिलिसेकंद लागतात, कधी नेटवर्कवर दुसरं कुणी रिपोर्ट काढत असेल तर २ सेकंद. त्यामुळे स्लीप कितीही वाढवा, एखाद्या दिवशी तो कमी पडणारच, आणि बाकीचे दिवस उगाच वेळ जाणार.

कमांडांची नावं इथे देवनागरीत लिहितोय. हेल्प फाइलमध्ये उच्चारावरून लगेच सापडतील.

आधी ऑटोहॉटकीची आवृत्ती बघून घ्या. २.० डिसेंबर २०२२ मध्ये आली, पण नेटवरचा बराच कोड अजून १.१ चाच आहे. सेंडनंतर अवतरणचिन्हं नसतील आणि व्हेरिएबलच्या दोन्ही बाजूंना टक्क्याची चिन्हं दिसली, तर तो जुना कोड. दोन्हींची खिचडी केली की चुकीचे संदेश येतात आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. फाइलच्या पहिल्याच ओळीत #रिक्वायर्स टाकून व्ही२.० ठरवून टाका.

आता मूळ काम. ऑटोहॉटकीबरोबर विंडो स्पाय येतो. तो उघडून माउस सॉफ्टवेअरच्या एकेका रकान्यावर न्या. व्हीबी ६ चं सॉफ्टवेअर असल्याने तुमचं नशीब चांगलं आहे: प्रत्येक रकाना विंडोजच्या लेखी स्वतंत्र खिडकी असतो आणि ‘थंडरआरटी६टेक्स्टबॉक्स१’, ‘…२’ अशी नावं दिसतात. ती कागदावर लिहून घ्या: कुठला खाते क्रमांकाचा, कुठला नावाचा, कुठला रकमेचा. हे नंबर पडद्यावर दिसतात त्या क्रमानेच असतील असं नाही, आणि दुसरा फॉर्म उघडा असेल तर बदलूही शकतात. म्हणून सॉफ्टवेअर नेहमी त्याच अवस्थेतून सुरू करायचं: बाकी फॉर्म बंद, फक्त पावतीचा उघडा.

नावं हाती आली की टॅब मोजत बसायची गरजच नाही. कंट्रोलफोकसने खाते क्रमांकाच्या रकान्यात जा, आकडा टाका, टॅब द्या. मग लूपमध्ये दर ५० मिलिसेकंदांनी कंट्रोलगेटटेक्स्टने नावाचा रकाना वाचा. तो भरला की पुढे जा. ५ सेकंदांत भरला नाही तर थांबा, ओळ क्रमांक लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलीत) लिहा, स्क्रिप्ट बंद. अंदाजाने पुढे रेटायचं नाही.

इथे एक सापळा आहे. कंट्रोलसेटटेक्स्टने मजकूर थेट रकान्यात बसतो, एकही अक्षर गळत नाही, खिडकी पुढे असण्याचीही गरज नाही. पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तिथे कळ दाबलीच गेलेली नसते. नाव शोधण्याचा कोड जर कीप्रेसवर किंवा रकाना सोडण्यावर टांगलेला असेल, तर पडद्यावर खाते क्रमांक दिसतो पण नाव येत नाही, किंवा सेव्ह करताना ‘खाते निवडा’ म्हणतं. त्यामुळे मजकूर कंट्रोलसेटटेक्स्टने बसवायचा आणि टॅब मात्र खराखुरा द्यायचा. तेही चाललं नाही तर पूर्ण आकडाच कळा दाबून टाकायचा.

कळा दाबायच्याच असतील तर आकडे गळण्याचं कारणही समजून घ्या. २.० मध्ये साधा सेंड हा मुळात सेंडइनपुट असतो. तो सगळ्या कळा एका दमात ओततो, आणि सेटकीडिले त्याला लागूच होत नाही. जुन्या सॉफ्टवेअरला हा मारा झेपत नाही. तिथे सेंडइव्हेंट वापरा आणि सेटकीडिले ३०, १० ठेवा, म्हणजे दोन कळांमध्ये ३० मिलिसेकंद आणि प्रत्येक कळ १० मिलिसेकंद दाबलेली. सहा आकड्यांना पाव सेकंद लागतो, चालतंय की.

खतावणी

नावाचा रकाना वाचता येतोय! पण एक्सेलमधलं नाव मराठीत आहे आणि सॉफ्टवेअरमधून ‘गिचमिड’ येतं, रोमन अक्षरं आणि चिन्हं. पडद्यावर मात्र शुद्ध मराठी दिसतं. जुळवून कसं बघायचं?

आणि ते १२५०.० चं काय?

मोडी_वळण

व्हीबी ६ चे मूळ टेक्स्टबॉक्स युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची आजची अक्षरपद्धत) जाणत नाहीत. युनिकोड देवनागरी त्यात टाकली तर प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणूनच त्या काळच्या मराठी सॉफ्टवेअरांनी श्री-लिपी किंवा तशाच फॉन्टचा आधार घेतला. आत साठवलेली असतात साधी रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. तुम्ही वाचताय ती मूळ साठवण.

रूपांतरक शोधत बसू नका. प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, त्यात रफार आणि वेलांटीचा क्रम उलटा, हे कामच स्वतंत्र आहे. तुम्हाला नाव वाचायचं नाहीये, फक्त खातं बरोबर आहे ना एवढंच बघायचंय. एकदा सगळे खाते क्रमांक फिरवून प्रत्येकासमोर येणारी गिचमिड एक्सेलच्या पाचव्या कॉलममध्ये साठवून ठेवा. हाताने एकदा तपासा. त्यानंतर रोज तिच्याशीच जुळवा. गिचमिड असली तरी दर वेळी तीच येते. तुलना करताना दोन समानचिन्हं लागोपाठ वापरा. ऑटोहॉटकीत एकच समानचिन्ह लिहिलं तर लहान-मोठं रोमन अक्षर सारखंच धरलं जातं, आणि या फॉन्टांमध्ये लहान आणि मोठं ही दोन वेगळी मराठी अक्षरं असतात.

अर्धविराम

वा, हे दोन समानचिन्हांचं फार कामाचं.

१२५०.० बद्दल: एक्सेल प्रत्येक आकडा दशांशासह देतं आणि ऑटोहॉटकी तो तसाच मजकुरात बदलते. दोन उपाय. रकमेला फॉरमॅट फंक्शन लावून दोन दशांश स्थळं पक्की करा, १२५०.०० असं जाईल. किंवा सेलच्या व्हॅल्यूऐवजी टेक्स्ट मागा, म्हणजे पडद्यावर दिसतं तसं मिळेल. खाते क्रमांकाला पुढे शून्यं असतील तर टेक्स्टच बरा. पण टेक्स्टची खोड अशी की कॉलम अरुंद असेल तर तो ‘####’ देतो, आणि स्क्रिप्ट तेच टाइप करते. त्यामुळे वाचण्याआधी कॉलम ऑटोफिट करायचे.

तारखेलाही टेक्स्ट घ्या, आणि एक्सेलमध्ये कॉलमचा फॉरमॅट दिवस-महिना-वर्ष असा स्वतः ठरवून द्या. मशीनच्या रिजनल सेटिंगवर सोडलं की १२ तारखेपर्यंत दिवस आणि महिना बिनबोभाट अदलाबदल होतात, १३ तारखेला कुठे सॉफ्टवेअर कुरकुरतं.

पाटीपेन्सिल

पायथॉनची बाजू मांडतो, नाहीतर एकतर्फी होईल. पायविनऑटो ही पायथॉनची लायब्ररी हेच काम करते आणि पुढे डेटाबेस, मेल, पीडीएफ असं काही जोडायचं असेल तर पायथॉन बरंच सुटसुटीत. तुमच्यासाठी तीन गोष्टी:

बॅकएंड (खिडक्यांशी बोलण्याची पद्धत) ‘विन३२’ निवडा, ‘यूआयए’ (यूआय ऑटोमेशन, नव्या प्रोग्रामांसाठीची पद्धत) नाही. व्हीबी ६ ला पहिलाच मानवतो.

पायथॉन ३२ बिटचा घ्या. व्हीबी ६ चं सॉफ्टवेअर ३२ बिटचंच असतं, आणि ६४ बिटच्या पायथॉनमधून ते हाताळायला गेलात तर पायविनऑटो स्वतःच इशारा देते.

पायऑटोगुई या दुसऱ्या लायब्ररीच्या नादी लागू नका. ती पडद्यावरच्या जागेवर क्लिक करते, रकान्यांची नावं तिला कळत नाहीत. मराठी मजकूर तर तिच्या राइट कमांडने टाइपच होत नाही, क्लिपबोर्डवरून पेस्ट करावा लागतो. एक सोय मात्र चांगली आहे: माउस पडद्याच्या कोपऱ्यात नेला की स्क्रिप्ट थांबते.

अर्धविराम

मान्य. फक्त याच कामापुरतं बघितलं तर मी ऑटोहॉटकीच सुचवेन. एक फाइल, इन्स्टॉलही न करता चालते, आणि पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाला उघडावी लागली तर वाचता येते. पायथॉनच्या लायब्ऱ्यांच्या आवृत्त्या सांभाळत बसायला ऑफिसात माणूस लागतो.

थांबवण्याची कळ मात्र पहिल्या दिवसापासून हवी. एस्केपला एक्झिटअ‍ॅप (स्क्रिप्ट बंद करणारी कमांड) बांधा. ऑटोहॉटकीत हॉटकी, म्हणजे अशी बांधलेली कळ, चालू असलेल्या लूपच्या मधेही घुसते, त्यामुळे लगेच थांबतं.

खतावणी

बऱ्यापैकी चालायला लागलंय. आता दोन नवीन गोष्टी. (१) सेव्हनंतर कधीकधी ‘जतन झाली’ ऐवजी दुसरीच खिडकी येते, ‘या तारखेची पावती आधीच आहे, पुढे जायचे?’ अशी. स्क्रिप्ट एंटर मारते आणि दुबार पावती होते. (२) माझ्या मशीनवर चालणारी स्क्रिप्ट शेजारच्या मशीनवर एकही कळ पाठवत नाही. एरर नाही, काही नाही.

सांडशी

दुसऱ्याचं उत्तर आधी. शेजारच्या मशीनवर ते सॉफ्टवेअर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडत असणार. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटीमध्ये टिक आहे का बघा. विंडोज कमी अधिकारांच्या प्रोग्रामला जास्त अधिकारांच्या खिडकीत कळा पाठवू देत नाही, आणि नाही म्हणून सांगतही नाही, कळा नुसत्या गायब होतात. एकतर सॉफ्टवेअरचं टिक काढा किंवा स्क्रिप्टही अ‍ॅडमिन म्हणून चालवा.

पण स्क्रिप्ट अ‍ॅडमिन केलीत आणि एक्सेल साधं असेल, तर उघडं असलेलं एक्सेल स्क्रिप्टला सापडत नाही. म्हणजे तिघेही एकाच पातळीवर हवेत. टिक काढून सगळेच साधे ठेवणं सगळ्यात बरं, अर्थात सॉफ्टवेअर तसं चालत असेल तर.

एक्सेलचंच आणखी एक: कुणी सेलमध्ये कर्सर ठेवून टाइप करत असताना स्क्रिप्टने काही मागितलं तर एक्सेल ‘कॉल रिजेक्टेड’ म्हणून झिडकारतं. यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच सगळी रेंज एका झटक्यात वाचून घ्यायची. सेलमागून सेल वाचण्यापेक्षा ते वेगवानही आहे. अर्धविराम म्हणाले तो टेक्स्ट मात्र अख्ख्या रेंजचा एकदम मिळत नाही. खाते क्रमांक आणि तारखेचे कॉलम आधीच मजकूर म्हणून साठवा आणि व्हॅल्यू वाचा.

अर्धविराम

बरोबर, मजकुराचे कॉलम केले की ‘####’ची भानगडही मिटते.

(१) बद्दल. आंधळा एंटर कधीही मारायचा नाही. विंडोजच्या साध्या संदेशखिडकीचा क्लास (खिडकीचा प्रकार) #३२७७० असतो (कोडमध्ये इंग्रजी आकडे). विनवेटने त्या क्लासची आणि तुमच्याच सॉफ्टवेअरच्या प्रोसेसची (चालू प्रोग्रामची) खिडकी येईपर्यंत थांबा, मर्यादा ५ सेकंद. आली की विनगेटटेक्स्टने आतला मजकूर वाचा. त्यात बटणांवरचा मजकूरही येतो. एकच बटण ‘ओके’ असेल तर पुढे. ‘येस’ आणि ‘नो’ दिसलं तर कंट्रोलक्लिकने ‘नो’, लॉगमध्ये ओळीसमोर ‘दुबार?’ आणि पुढची पावती. तिसरंच काही दिसलं तर थांबा.

विनवेटला प्रोसेसचं नाव द्यायला विसरू नका. नाहीतर प्रिंटरची कागद संपल्याची खिडकीसुद्धा याच क्लासची असू शकते, आणि स्क्रिप्ट तिलाच ओके करून पावती झाली समजेल.

रात्रपाळी

मधे घुसतो. हेच सगळं रात्री टास्क शेड्यूलरने (ठरल्या वेळी काम सुरू करणारी विंडोजची सोय), स्क्रीन लॉक ठेवून होईल का?

सांडशी

सरळ उत्तर: नाही. लॉक झालेल्या मशीनवर तुमचा डेस्कटॉप समोर नसतो. सेंड आणि माउसच्या क्लिक कुठेच पोचत नाहीत. कंट्रोलसेटटेक्स्टसारख्या कमांडा लॉकमध्येही चालू शकतात, पण एक जरी खरीखुरी कळ लागली की साखळी तुटते, आणि वर अर्धविराम यांनी टॅब खरा द्यायला सांगितलाच आहे.

शेड्यूलरमध्ये ‘युजर लॉग ऑन असो वा नसो’ हा पर्याय निवडला तर काम वेगळ्या सेशनमध्ये सुरू होतं, तिथे पडदाच नाही. टास्क मॅनेजरमध्ये स्क्रिप्ट चालू दिसते आणि काम शून्य. ‘युजर लॉग ऑन असेल तेव्हाच’ हाच पर्याय हवा.

रिमोट डेस्कटॉपचंही असंच. खिडकी मिनिमाइझ केली किंवा डिस्कनेक्ट केलं की तिकडचा पडदा रंगवणं बंद. आणि पैशांच्या नोंदी रात्री कुणी समोर नसताना करूच नयेत असं माझं मत. दुपारच्या जेवणाच्या वेळेत लावा, कुणीतरी आसपास असतं.

रात्रपाळी

आमच्याकडे व्हीबी नाही, पडद्यावर रकान्यांची नावं दिसतच नाहीत, विंडो स्पायमध्ये सगळी खिडकी एकच. मग?

अर्धविराम

मग बघण्याचा क्रम असा ठेवा. सर्वात आधी इम्पोर्टचा काही मार्ग आहे का ते शोधा. टॅली असेल तर कळा दाबायची गरजच नाही, ती एक्सएमएल फाइल घेते आणि ९००० पोर्टवर थेट बोलता येतं. जीएसटीला ऑफलाइन टूल आहे, त्यातून जेसॉन फाइल बनते. नसेल तर यूआयए लायब्ररी वापरून बघा, क्रोम किंवा नव्या धर्तीच्या प्रोग्रामचे रकाने तिला बऱ्याचदा दिसतात. तेही नाही तर कीबोर्ड शॉर्टकट. ठरावीक जागेवर क्लिक आणि चित्र शोधणं हे अगदी नाइलाज झाल्यावर.

चित्र शोधणं इतकं रडतं कारण डिस्प्लेचं स्केलिंग १०० टक्क्यांवरून १२५ केलं की बटणाचं चित्र पिक्सेलनिहाय वेगळंच होतं. इमेजसर्चला ० ते २५५ अशी सूट देता येते, पण ती रंगछटेतल्या फरकाची, आकाराच्या नाही. सूट वाढवत गेलात तर भलतंच बटण ‘सापडतं’.

मोडी_वळण

मराठी टायपिंगसाठी ऑटोहॉटकी वापरणाऱ्यांसाठी थोडं, विषय निघालाच आहे तर. हॉटस्ट्रिंग म्हणजे छोटा शब्द टाइप केला की मोठा मजकूर उमटणं. पत्राचा मायना, ठरावाची वाक्यं, संस्थेचा पत्ता यांना झकास.

फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा. १.१ ला सुरुवातीची बीओएम खूण लागते, ती नसेल तर देवनागरीचा चुरा होतो. २.० ला लागत नाही.

इनस्क्रिप्ट लेआउट असेल तर संक्षेप देवनागरीत ठेवता येतो. फोनेटिक पद्धतीत मात्र ऑटोहॉटकीला तुम्ही दाबलेली रोमन कळ दिसते, तयार झालेलं मराठी अक्षर नाही. तिथे संक्षेप रोमनच ठेवा.

संक्षेपात काना-मात्रा-जोडाक्षर टाळा, ‘कखग’ किंवा ‘पतत’ असं सुटं ठेवा. ऑटोहॉटकी संक्षेप पुसायला जितकी चिन्हं तितके बॅकस्पेस मारते. एखादा प्रोग्राम एका बॅकस्पेसला अख्खं जोडाक्षर पुसत असेल तर मागचा मजकूरही खाल्ला जातो.

मराठी आकड्यांचंही बघा. ‘१२५०’ हा ऑटोहॉटकीच्या लेखी आकडा नाही, मजकूर आहे, बेरीज करायला गेलात की एरर. प्रत्येक अंकाच्या युनिकोड क्रमांकातून २३५८ वजा करा, इंग्रजी अंक मिळतो (मराठी शून्य २४०६, इंग्रजी शून्य ४८). उलट जायचं तर तेवढेच मिळवा. तारखेत मराठी वार-महिने हवे असतील तर फॉरमॅटटाइमला एल अक्षरापुढे ११०२ द्या, तो मराठीचा लोकेल क्रमांक आहे.

खतावणी

एक शेवटचं. वीज गेली किंवा एस्केप मारला तर पुन्हा कुठून सुरू करायचं? लॉग आहे, पण मधलीच पावती सेव्ह झाली की नाही ते लॉगवरून कळत नाही.

आणि स्क्रिप्टची एक्झी फाइल करून दिली तर अँटिव्हायरस उडवतो.

सांडशी

एक्झी करूच नका. ऑटोहॉटकीपासून बनलेल्या एक्झींवर अँटिव्हायरस खोटे आळ घेतात ही जुनी तक्रार आहे. मूळ ऑटोहॉटकी आणि शेजारी स्क्रिप्टची फाइल असंच द्या. एक्झी केल्याने आतला कोड लपतो हाही गैरसमज आहे, तो बाहेर काढता येतो. त्यामुळे पासवर्ड दोन्हींत नको. लॉगिन माणसाने करायचं, स्क्रिप्ट त्यानंतर.

अर्धविराम

लॉगमध्ये पावतीमागे दोन नोंदी करा. एफ१० दाबण्याच्या आधी खाते क्रमांक, रक्कम आणि ‘सुरू’. ‘जतन झाली’ची खिडकी वाचल्यावर ‘झाली’. पुन्हा चालवताना स्क्रिप्टने आधी लॉग वाचायचा: ‘झाली’ किंवा ‘दुबार?’ असलेल्या ओळी सोडायच्या, काहीच नसलेल्या करायच्या, आणि ‘सुरू’ आहे पण ‘झाली’ही नाही आणि ‘दुबार?’ही नाही अशी ओळ सापडली तर काही न करता तिचा क्रमांक दाखवून थांबायचं. तशी ओळ एकच असू शकते. ती सॉफ्टवेअरच्या रोजकीर्दीत डोळ्यांनी बघायची आणि लॉगमध्ये हाताने ‘झाली’ लिहायचं किंवा ‘सुरू’ खोडायचं.

लॉग एक्सेलमध्ये लिहू नका, सीएसव्ही फाइलमध्ये फाइलअपेंडने लिहा, म्हणजे एक्सेल न साठवता बंद पडलं तरी लॉग राहतो. एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ द्या, ‘यूटीएफ-८-रॉ’ नको. पहिल्यात बीओएम पडतो, त्यामुळे डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली तरी मराठी शाबूत दिसतं.

सगळ्या पावत्या झाल्या की ‘झाली’ ओळींची बेरीज स्क्रिप्टनेच दाखवायची आणि ती सॉफ्टवेअरच्या दिवसाच्या एकूण जमेशी ताडून बघायची. ‘दुबार?’ लिहिलेल्या ओळी त्या बेरजेत धरू नका, त्यांचा निकाल आधी लावा.

खतावणी

‘सुरू’ची नोंद आत्ताच घातली. दुबारवाल्या ओळींची वेगळी फाइल करतो. धन्यवाद मंडळी, स्क्रिप्ट नीट झाली की इथेच टाकतो.